चौकट कुणाभोवती?

भाचीच्या हळदीला नवा कॅमेरा हातात घेतला, शटर अर्धं दाबलं, आणि चौकट उमटली ती तिच्या आजोबांभोवती. आजोबा भिंतीवर, हार घातलेल्या फोटोत. भाची समोर पाटावर, मान खाली घातलेली, गाल पिवळे, कपाळावर मुंडावळ्या. जिवंत माणूस सोडून यंत्र तसबिरीकडे का जातं, मला काही केल्या उमगेना.

रात्री वाचत बसले. २००१ मध्ये पॉल व्हायोला आणि मायकल जोन्स यांनी चेहरा झटपट शोधण्याची रीत मांडली. तिचा आधार फक्त उजेड आणि सावली. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद, नाकाचा दांडा दोन्ही डोळ्यांपेक्षा उजळ, अशा साध्या तुलना एकामागून एक करायच्या आणि जिथे जुळत नाही ती जागा लगेच सोडून द्यायची. २००५ मध्ये निकॉनच्या कूलपिक्समध्ये चेहऱ्याला प्राधान्य देणारा फोकस आला. आताचे कॅमेरे असंख्य छायाचित्रांवर शिकवलेले असतात, डोळासुद्धा हेरतात. तरी सपाट फोटोतले आजोबा सरळ समोर बघत होते आणि भाचीचा चेहरा झुकलेला होता. कॅमेऱ्यानं आजोबांना निवडलं, यात मला आता नवल वाटत नाही. उलट, एवढ्याशा उजेड-सावलीवरून त्याला माणूस सापडतो, याचंच फार अप्रूप वाटतं.

लग्नाच्या दिवशी मंचावर पंधरा चेहरे. चौकट भटजींवरून मामांवर, मामांवरून करवलीवर. मी गोंधळलेली पाहून फोटोग्राफरच्या हाताखालचा मुलगा म्हणाला, "काकू, ती मागची जॉयस्टिक बाजूला ढकला, चेहरा बदलतो. आणि फोकसचा एरिया लहान करा." केलं. चौकट नवरीवर आली आणि कंटिन्युअस फोकसवर ती हलली तरी तिच्यासोबत राहिली. हे आधी कुणी सांगायला हवं होतं!

डोळ्यावर फोकस का हवा, तेही तिथेच कळलं. माझ्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स, एफ १.८, अंतर दीड मीटर: एवढ्यात स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ६-७ सेंटिमीटरचा. मुंडावळीचा पुढे झुललेला मोती लख्ख आणि पापणी धूसर, असा फोटो सहज निघतो. अॅपर्चर एफ ४ केलं तेव्हा पट्टा दुपटीहून रुंद झाला आणि दोन्ही डोळे स्पष्ट आले. हॉलमधल्या पिवळ्या उजेडात त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला, थोडे दाणे दिसले. मला ते चालतात. नवरीचे डोळे धूसर आलेले चालत नाहीत.

कानपिळीला मात्र भाऊ आणि नवरदेव दोघंही एका बाजूनं दिसत होते आणि चौकट दोघांमध्ये उड्या मारू लागली. तेवढ्यापुरता मी चेहऱ्याचा शोध बंद केला, एकच बिंदू घेतला आणि तो नवरदेवाच्या कानावर ठेवला.