उदगीरच्या किल्ल्यांत एक पावसाळी दिवस

“मास्तर, एकदां उदगिरास येऊन जा, किल्ला दाखवितों,” असें माझे एक जुने स्नेही मला कित्येक वर्षें लिहीत असत. आम्ही दोघे एकाच शाळेंत शिक्षक होतों. निवृत्त झाल्यावर ते आपल्या गांवीं जाऊन राहिले. “येतों, येतों” म्हणत मीं दिवस घालविले. अखेर गेल्या श्रावणांत येण्याची तिथि कळविणारें पत्र धाडलें. उत्तर आलें तें त्यांच्या चिरंजीवांचें. माझें पत्र लिहून होण्याच्या बारा दिवस आधींच वडील निवर्तले होते. “तरी काका, आपण यावें, किल्ला मी दाखवीन,” असें शेवटीं लिहिलें होतें.

मी गेलों. स्टेशनावर उतरलों तेव्हां पहांटेपासून झड लागलेली. “आजचा दिवस फुकट गेला!” असें माझ्या तोंडून निघून गेलें. चिरंजीव हंसून म्हणाले, “काका, आमच्याकडे पावसाला असें बोलत नाहींत. २०१६ सालीं लातूरकरांस मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें.” मी वरमलों. छत्र्या घेऊन आम्ही निघालों.

किल्ला भुईकोट असून बहामनी काळापासूनचा आहे. सुमारें चाळीस फूट खोल खंदक, भक्कम तट व बुरूज यांवरून पाण्याचे ओघळ वाहत होते. फारसी-अरबी शिलालेखांचीं अक्षरें ओल्या दगडावर उठून दिसत होतीं. जन्मभर संस्कृत घोकलेल्या मला त्यांतलें एकही वाचतां आलें नाहीं. आंत उदागीरबाबांची समाधि आहे. त्यांच्याच नांवावरून गांवाचें नांव पडलें, असें लोक सांगतात. सर जोराची आली तेव्हां आम्ही एका कमानीच्या आडोशास उभे राहिलों.

“बाबा म्हणत, मास्तर आले कीं त्यांच्याकडून येथें लढाई ऐकावयाची,” चिरंजीव म्हणाले. मग मीं त्यांनाच ती सांगितली. याच परिसरांत ३ फेब्रुवारी १७६० रोजीं सदाशिवरावभाऊंनीं निजामाच्या फौजेचा पाडाव केला. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनीं मोठें काम केलें, व तहांत सुमारें साठ लक्षांचा मुलूख मिळाला. तरीही हें गांव पुढें १९४८ पर्यंत त्याच निजाम घराण्याच्या राज्यांत राहिलें!

सांगतां सांगतां मी थबकलों. दत्ताजी शिंदे दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले ते १० जानेवारीस. म्हणजे येथें विजयाचा आनंद चालला होता, तेव्हां उत्तरेंत दत्ताजींना जाऊन चोवीस दिवस झाले होते. एवढ्या लांबची बातमी अद्याप पोंचली नव्हती. ती आल्यावर मार्चांत भाऊ परतुडाहून उत्तरेकडे निघाले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपत झालें. उदगीरच्या विजयास तेव्हां वर्षही पुरें झालें नव्हतें.

या सनावळ्या मीं तीस वर्षें मुलांकडून घोकविल्या. पण बुराडी घाट एका धड्यांत व उदगीर दुसऱ्या धड्यांत. दोन तारखा शेजारीं ठेवून कधीं पाहिल्याच नाहींत. त्या दिवशीं पाहिल्या, आणि माझें तें पत्र आठवलें. “आतां मात्र नक्की येतों” असें मोठ्या उल्हासानें मीं लिहीत होतों, तेव्हां तें वाचणाराच उरला नव्हता. भाऊंपाशीं निदान अंतराची सबब होती; माझ्यापाशीं कोणती?

चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं छत्री माझ्या बाजूस अधिक कलती धरली. परततांना शिवारांत पाणी साचलेलें दिसलें, व बांधावर भिजत उभा असलेला एक शेतकरी प्रसन्न मुद्रेनें आमच्याकडे पाहत होता.

वाचकांपैकीं कोणाचें असें “येतों” म्हणून दिलेलें वचन राहिलें असेल, तर त्यांनीं पाऊस उघडण्याची वाट पाहूं नये.