एका फोनला चार राखणदार

मिरजेला गेले की घरातले सगळे फोन माझ्यासमोर येऊन पडतात. यावेळी पहिला नंबर काकांचा होता. त्यांचा फोन वाजायचा, पण स्क्रीनवर नाव उमटेपर्यंत समोरचा माणूस कंटाळून ठेवून द्यायचा. मराठीत 'नमस्कार' लिहायला घेतलं तर 'न' यायचा आणि बाकीची अक्षरं मागून रेंगाळत यायची. यूपीआयचा पिन टाकला की गोल चक्र फिरत बसायचं आणि दूधवाला दारात ताटकळायचा. सकाळी पूर्ण चार्ज केलेला फोन दुपारच्या झोपेच्या आत तळाला जायचा. "खिशात ठेवला तर चटका बसतो गं," काका म्हणाले. बाजारातल्या दुकानदाराने फोन हातात घेऊन एक मिनिटात निदान केलं होतं: फोन म्हातारा झालाय, नवा घ्या.

फोनमध्ये ३ जीबी रॅम, ३२ जीबी जागा. जोमदार नव्हे, पण फोन, व्हॉट्सॲप, यूपीआय आणि बातम्या एवढंच करणाऱ्या माणसाला पुरेसा. शिवाय गेल्या दिवाळीपर्यंत तो नीट चालत होता, असं काकूंनीही सांगितलं. म्हातारपण असं सणाचा मुहूर्त बघून येत नाही.

मी आधी सेफ मोड लावला. पॉवरचं बटण दाबून धरायचं, स्क्रीनवर 'पॉवर ऑफ' दिसलं की त्यावर बोट ठेवून थांबायचं. बहुतेक अँड्रॉइड फोन मग विचारतात, सेफ मोडमध्ये सुरू करू का? या अवस्थेत फोनसोबत आलेली ॲप्स तेवढी चालतात, आपण मागाहून टाकलेली सगळी झोपून राहतात. याला ना खर्च, ना कसला धोका. तरी दुकानात ही चाचणी कुणी करताना मी पाहिलेलं नाही. काकूंनी शेजारून फोन लावला. रिंग आणि नाव एकदमच आलं. कीबोर्डही बोटाबरोबर धावायला लागला. म्हणजे फोन ठणठणीत होता. मागाहून आलेल्या कुणीतरी त्याला धरून ठेवलं होतं.

फोन पुन्हा नेहमीसारखा सुरू केला आणि ॲप्सची यादी उघडली. त्यात चार राखणदार सापडले. एक अँटिव्हायरस प्ले स्टोअरमधून घेतलेला, वर्षाची वर्गणी भरून. दुसरा बातम्या वाचताना 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहेत' अशी लाल पट्टी चमकली, ती दाबल्यावर आलेला. तिसरा एका जुन्या सहकाऱ्याने सुचवलेला 'क्लीनर', आणि चौथा फोटो आणि पैशांच्या ॲपला कुलूप लावणारा. चौघेही दिवाळीनंतर आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने आले होते.

पहिले दोघे आल्यागेल्या प्रत्येक फाइलची झडती घेत होते. काका सोसायटीच्या, निवृत्तांच्या आणि देवस्थानाच्या ग्रुपमध्ये आहेत. रोज सकाळी सुप्रभाताची चित्रं आणि भजनांचे व्हिडिओ आपोआप उतरायचे, आणि प्रत्येक कमळाच्या फुलाची दोन-दोनदा तपासणी व्हायची. गंमत अशी, की अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपचं घर वेगळं असतं. एका ॲपला दुसऱ्याच्या खाजगी खोलीत डोकावता येत नाही, मग ते अँटिव्हायरस असलं तरी. त्याला तपासता येतं ते एवढंच: कोणती ॲप्स बसवली आहेत, त्यांच्या मूळ फाइल्स, आणि फोटो-व्हिडिओंची सामाईक जागा. ती जागा काठोकाठ भरलेली होती, आणि स्वस्त फोनची साठवण भरत आली की आधीच मंदावते.

कीबोर्ड अडखळत होता त्याचं कारण निराळं. त्या दोघांनी आणि कुलूपवाल्यानेही 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी घेतली होती. ही सोय मुळात ज्यांना कमी दिसतं किंवा बोटं नीट चालत नाहीत त्यांच्यासाठी. ती दिली की स्क्रीनवर हललेल्या प्रत्येक गोष्टीची वर्दी त्या ॲपला जाते. काका एक अक्षर लिहायचे आणि तिघांना खबर जायची. बँकेचं ॲप मधूनमधून उघडायलाच नकार देत होतं, तेही यामुळेच. स्क्रीन वाचू शकणारं कुणी चालू दिसलं की अनेक बँकांची ॲप्स दार लावून घेतात, आणि ते बरोबरच आहे.

सगळ्यात मजेशीर भांडण इंटरनेटवर चाललं होतं. दोन्ही अँटिव्हायरस 'सुरक्षित ब्राउझिंग'साठी फोनमध्येच एक व्हीपीएन उभारत होते. अँड्रॉइड एका वेळी एकच व्हीपीएन चालू देतो. पहिला सुरू झाला की दुसरा बंद पडायचा आणि ओरडायचा, 'तुमचं संरक्षण थांबलं आहे!' काका घाबरून तो चालू करायचे, की पहिला ओरडायचा. दिवसभर काका दोघांची समजूत काढत होते.

क्लीनर तर निव्वळ उपद्रव. तो 'रॅम मोकळी केली' असं मोठ्या अक्षरांत सांगायचा. अँड्रॉइड वापरातली ॲप्स मुद्दाम रॅममध्ये ठेवतो, म्हणजे ती पटकन उघडतात. जागा लागली तर तो स्वतःच ती काढतो. रिकामी रॅम कुणाच्याही कामाची नाही. क्लीनर व्हॉट्सॲपला बंद करायचा, व्हॉट्सॲप पुन्हा पहिल्यापासून उठायचं, आणि त्या उठाबशीत बॅटरी जायची.

काढायला घेतलं तर कुलूपवाला हटेना. 'अनइन्स्टॉल'चं बटणच दबत नव्हतं. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन' म्हणून एक यादी असते. तिथे त्याचं नाव होतं. तिथली खूण काढली, मग मुकाट्याने गेला. क्लीनरला आणि लाल पट्टीतून आलेल्याला निरोप द्यायलाही काका तयार झाले. मात्र पैसे भरलेल्या अँटिव्हायरसपाशी ते अडले.

"अगं, पैसे दिलेत त्याचे. फुकटातला नाही तो."

खरं कारण पैसे नव्हते, ते काकूंनी सांगितलं. पलीकडच्या गल्लीतल्या एका गृहस्थांना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. पत्रिका म्हणून जे आलं ते एपीके होतं, म्हणजे थेट फोनवर बसणारं ॲप. त्यांनी ते उघडलं, बसवलं, आणि त्यांच्या खात्यातून रक्कम गेली. त्या आठवड्यापासून काकांनी राखणदार जमवायला सुरुवात केली. हे ऐकल्यावर नुसतं 'काढून टाका' म्हणणं मला जमेना. भीती पोकळ नव्हती.

मग मी काकांना दोन गोष्टी सांगितल्या. २०१४ मध्ये 'व्हायरस शील्ड' नावाचं एक ॲप ३.९९ डॉलरला विकलं जात होतं आणि गूगलच्या दुकानात विकत घेतलेल्या ॲप्समध्ये पहिल्या नंबरवर पोचलं होतं. ते फक्त एकच करायचं: बोट लावलं की फुलीच्या जागी बरोबरची खूण दाखवायचं. बाकी आत काही नाही. दुसरी गोष्ट २०१९ ची. ऑस्ट्रियातल्या 'एव्ही-कम्पॅरेटिव्हज्' या चाचणी संस्थेने २५० अँड्रॉइड अँटिव्हायरस ॲप्सना दोन हजार घातक ॲप्स ओळखायला लावली. ३० टक्क्यांहून जास्त पकडणारी आणि चांगल्या ॲपवर आळ न घेणारी निघाली फक्त ८०. काही तर आपल्या यादीत नसलेल्या प्रत्येकाला चोर ठरवत होती, आणि एखाद-दुसरं स्वतःलाच त्या यादीत घालायला विसरलं होतं. हे ऐकून काका मनापासून हसले, आणि चष्मा काढून पुसला. चांगल्या कंपन्यांची ॲप्स यापेक्षा बरी असतात, हेही मी सांगितलं. पण एकच ठेवा, आणि त्याला ॲक्सेसिबिलिटी देऊ नका.

काकांनी थोडा विचार करून तोही काढायला सांगितला. त्याच्या जागी काय केलं तर, प्ले स्टोअरमधलं 'प्ले प्रोटेक्ट' चालू असल्याची खात्री केली. २०१७ पासून ते अँड्रॉइडमध्ये आहे आणि बाहेरून आलेली ॲप्सही तपासतं. 'अनोळखी ॲप्स बसवा' ही परवानगी व्हॉट्सॲपची, ब्राउझरची आणि फाइल्सची, तिन्हींची बंद केली. पत्रिकेच्या वेशातला एपीके आला तरी आता तो बसवण्याआधी फोन अडवेल. लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, वाहतूक दंडाचं चलान आल्याचा मेसेज आला तर ते सरकारी संकेतस्थळावर बघायचं, हे काकांनी स्वतःच्या अक्षरात डायरीत लिहिलं. खाली सायबर फसवणुकीचा १९३० हा क्रमांक. व्हॉट्सॲपचं आपोआप उतरणं बंद केलं आणि जुने व्हिडिओ पुसले. यात सर्वांत जास्त वेळ गेला, कारण प्रत्येक भजन पुसण्याआधी काकूंना एकदा ऐकायचं होतं.

फोन आता रात्री झोपेपर्यंत टिकतो. कॅमेरा अजूनही सावकाश उघडतो, तेवढं त्याचं वय आहे. एक काम राहिलं होतं: ॲप काढलं म्हणून वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरच्या 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन ती वेगळी रद्द करावी लागते, नाहीतर पुढच्या वर्षीही पैसे कापले जातात. काकांनी ते बटण स्वतः दाबलं. मग 'जाण्याचं कारण सांगा' असा प्रश्न आला, तेव्हा कीबोर्ड उघडून त्यांनी सावकाश, पूर्ण वाक्यात, मराठीत उत्तर लिहिलं.