रहामीम, रहीम आणि रामाजी

अकीका जवळ आला की बाभुळगावातले ओळखीचे लोक नावाचा अर्थ विचारायला माझ्याकडे येतात. उर्दू शिकवते म्हणून. हल्ली सगळ्यांना एकच हवं असतं: वर्गात दुसऱ्या कुणाचं नसेल असं नाव. मोबाइलवरच्या याद्यांमधून ते शोधून आणतात. परवा नात्यातल्या एका मुलीने 'रहामीम' आणलं. पुढे लिहिलेलं, हिब्रू, दुर्मीळ. "खाला, इसका मतलब क्या होता?" ती विचारत होती, तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "यहूदियों का नाम अपने घर में?"

सासूबाईंना मी काही समजवायला गेले नाही. टीव्हीवर गाझातली लेकरं बघून त्या जेवत नाहीत. त्यांच्या कानाला तो शब्द टोचणारच. पण अर्थ विचारला होता, तो मी दोघींनाही सांगितला.

रहामीम म्हणजे दया. हिब्रूत 'रेहेम' म्हणजे आईची कूस, आणि दयेचा शब्द त्याच धातूतला. अरबीतही तेच र-ह-म. रहमान, रहीम, रहमत. नातीगोती जपण्याला आपण 'सिला-रहमी' म्हणतो, तीही त्या कुशीतलीच. बिस्मिल्लाह पूर्ण म्हटली की हा धातू दोनदा जिभेवर येतो. आणि हजेरीपटावरचे इब्राहीम, याकूब, दाऊद तरी कुठले? ही नावंही हिब्रूत आहेतच, नुसता उच्चार निराळा.

सगळंच असं जुळत नाही, हेही सांगायला हवं. मुंबईचे कवी निस्सीम इझिकेल यांचं नाव आपल्याला 'नसीम'सारखं ऐकू येतं. पण नसीम म्हणजे झुळूक, मराठीत निस्सीम म्हणजे अमर्याद, आणि हिब्रूत त्याचा अर्थ चमत्कार. तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

इझिकेल ज्या समाजातले, ते बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. नावंही मराठी तोंडात बसली. अब्राहामचा आबाजी झाला, एलियाचा एलोजी, मोशेचा मुसाजी. आणि रहामीमचा रामाजी! रामाशी त्याचा धातूने संबंध नाही, पण गावाने हाक मारली ती अशी, आणि घरच्यांनी तिला ओ दिली.

याच समाजातले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, कंपनीच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेत सापडले. बनी इस्राईलचा उल्लेख कुराणात आहे, म्हणून टिपूच्या आईने त्यांच्यासाठी रदबदली केली, अशी आख्यायिका त्यांच्यात सांगतात. सुटून आल्यावर 1796 मध्ये दिवेकरांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभारलं. त्याचं नाव 'शआर हारहामीम', रहमतचं दार. लोक मात्र त्याला मशीदच म्हणत. लोकलच्या मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच आल्याचं सांगतात.

त्या घरात नाव अजून ठरलेलं नाही. ठेवलंच, तर जन्मदाखल्यावर 'ह'ला काना नीट बघून घ्या म्हटलं. एकदा 'रहमीम' लागलं की पुढे शाळेचा दाखला आणि आधार जुळवताना चपला झिजतात.