डावा पाय आणि जुनी मॅटॅडोर

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने गिअरबॉक्सवर लिहावे, हे पाहून इंजिनिअरिंगचे मित्र हसतील. पण प्रश्न घरात उभा राहिला म्हणजे तो शाखा विचारत नाही. आमच्याकडे तो मामांच्या गुडघ्यामुळे उभा राहिला.

मामा बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान वर्कशॉपात फिटर आहेत. त्यांची एक जुनी मॅटॅडोर आहे. मागे लाकडी बाक, रात्री त्याचीच खाट होते. कोपऱ्यात स्टोव्ह, भांडी आणि पाण्याचा कॅन. परदेशात हिला कॅम्पर व्हॅन म्हणतात, आम्ही 'फिरते बिऱ्हाड' म्हणतो. पंढरपूर, सौंदत्ती, गोकर्ण सारे तिच्यातूनच झाले. गेल्या वर्षी मामांचा डावा गुडघा धरला आणि डॉक्टरांनी क्लचचा ताण कमी करायला सांगितले. "ही विका, ऑटोमॅटिक घ्या," असे मामेभावाचे म्हणणे. मामा काहीच बोलले नाहीत.

मॅटॅडोर हे नाव मूळचे जर्मन गाडीचे. तिथल्या टेम्पो कारखान्याशी सहकार्य करून १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि १९६९ पासून तिच्या मॅटॅडोर रस्त्यावर आल्या. पुढे तर कुठल्याही व्हॅनला लोक मॅटॅडोरच म्हणू लागले. त्याच काळात फोक्सवॅगनने आपल्या व्हॅनला १९७३ च्या मॉडेलपासून ऑटोमॅटिक गिअरची सोय दिली. आमच्या मॅटॅडोरच्या नशिबी मात्र क्लच आणि दांडाच आला.

दोहोंतला फरक मामांनी मला चहा पिता पिता समजावला. साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. पायाने ती सोडवायची, हाताने गिअर टाकायचा. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये ते काम तेल करते. एक पाते तेल घुसळते, त्या तेलाच्या जोराने दुसरे फिरते. डाव्या पायाला सुट्टी! पण थोडी शक्ती तेल तापवण्यात जाते, म्हणून डिझेल जास्त लागते. बॅटरी उतरली तर धक्का स्टार्ट होत नाही. बिघाड झाला तर आडगावचा मिस्त्री हात लावत नाही.

मी माझ्या सवयीने जमाखर्च मांडला. हुबळी-धारवाड मार्गावर २०१८ साली सुरू झालेल्या 'चिगरी' बसना ऑटोमॅटिक गिअर आहेत, ते योग्यच. दर थांब्याला थांबायचे आणि निघायचे. चालकाने दिवसभरात किती वेळा क्लच दाबावा? पण आमची गाडी वर्षातून चार वेळा निघते आणि गोकर्णला जाताना अरबैल घाट उतरते. तिथे खालच्या गिअरात इंजिनच गाडीला आवरते, ब्रेक तापत नाहीत. जुन्याच गाडीला ऑटोमॅटिक बसवावे म्हटले, तर तिची ओढ पुढच्या चाकांना. गिअरबॉक्स तिथेच गुंतलेला. तो बदलण्याचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त!

हिशेब असा जुन्या गाडीच्या बाजूने झुकला, तरी गुडघा कुठल्या खात्यात लिहायचा? घसारा यंत्राला लावतात. माणसाला लावायला कोणी शिकवले नाही. मामी एवढेच म्हणाल्या, "गाडी गेली तर हे घरातून बाहेर पडायचे नाहीत." तेव्हा मला मामांच्या गप्प बसण्याचा अर्थ कळला.

शेवटी तोडगा निघाला तो माझ्या पायाचा. रविवारी वसाहतीतले रस्ते रिकामे असतात. तिथे मामा शेजारी बसून मला शिकवू लागले. घरात आम्ही मराठी बोलतो, पण वर्कशॉपची भाषा कन्नड. क्लच सोडताना ते म्हणत, "सावकाश बिडु." त्यातला 'सावकाश' दोन्ही भाषांचा आहे, बाकीचे भाषांतर गाडीनेच करून दिले, गचका देऊन!

मला आता परवाना मिळाला आहे. ऑटोमॅटिक श्रेष्ठ की साधी, यावर मामेभाऊ आणि मी अजून भांडतो. मला वाटते, रोज रहदारीत राबणाऱ्याने खुशाल ऑटोमॅटिक घ्यावी. जुनी गाडी मात्र ज्या घरात एक तरी धडका डावा पाय आहे, तिथे राहू द्यावी. येत्या सुट्टीत आम्ही गोकर्णला जाणार आहोत. घाटात कोणता गिअर टाकायचा हे मामाच सांगतील. क्लच मी दाबीन.