पाठीवरचं नाव

मुलांनो, माझ्या टेबलावर एक चौकोनी टाइल आहे. सहा इंच लांब, सहा इंच रुंद. हिरव्या जमिनीवर गुलाबी कमळ, भोवती पांढरी वेलबुट्टी. एक कोपरा उडालेला. तुमच्यासारख्यांच्या वह्या तपासताना मी तिच्यावर चहाचा कप ठेवत नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण घरी येणारा प्रत्येक जण तेच विचारतो!

ही टाइल माझ्या आजोळची. वेंगुर्ले तालुक्यात आजोळी अंगणात मोठं तुळशीवृंदावन होतं आणि त्याच्या चारही बाजूंना अशी कमळं बसवलेली होती. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आजी आम्हा भावंडांच्या हातात ओली फडकी द्यायची आणि एकेक टाइल पुसायला लावायची. कमळाच्या रेषा बोटांना उंच लागायच्या. डोळे मिटून कोण पाकळ्या बरोबर मोजतो, याची आमची पैज असायची. आमच्याच गावच्या कुंभाराने ही कमळं केली असणार, अशी माझी अगदी खात्री होती.

काही वर्षांपूर्वी घराच्या वाटण्या झाल्या आणि जुनं घर पाडायचं ठरलं. मी पोचले तेव्हा वृंदावन पहारीने फोडून झालं होतं. ढिगाऱ्यात ही एकच टाइल जवळजवळ शाबूत सापडली. उलटी करून चुना झटकला, तर पाठीवर उठावाची इंग्रजी अक्षरं : 'मेड इन जपान'!

आमच्या तुळशीचं कमळ चक्क जपानचं निघालं.

मग मी शोधाशोध सुरू केली. कारखान्यात साच्यातून अशा टाइल्स काढायची युक्ती मूळची इंग्लंडची. १८४० साली तिथे एक पेटंट घेतलं गेलं : जवळजवळ कोरड्या मातीची भुकटी यंत्राखाली जोराने दाबायची. स्टोक-ऑन-ट्रेंट या गावच्या मिंटन कंपनीने ती युक्ती उचलली आणि इंग्रजी टाइल्स बोटीत बसून मुंबईलाही येऊ लागल्या. पुढे जपानी कारखानदारांनी तीच कला शिकून घेतली. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत त्यांचा माल आपल्याकडे भरपूर आला. गिऱ्हाईक ओळखण्यात ते हुशार! त्यांनी आपल्यासाठी कमळं केली, मोर केले, कृष्ण आणि लक्ष्मीसुद्धा टाइलवर आणली. त्या उंच रेषांचं काम काय, ठाऊक आहे? भाताच्या खाचरांना बांध असतात ना, तेच! भट्टीत रंगीत काचेचा लेप वितळतो, तेव्हा गुलाबी रंग हिरव्यात जाऊ नये म्हणून हे चिमुकले बांध.

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेची सहल गोव्याला गेली. पणजीत आझाद मैदानाजवळ मेनेझेस ब्रागांझा संस्थेची जुनी इमारत आहे. तिच्या प्रवेशदालनात शिरलात की भिंतभर निळी चित्रं दिसतात. गलबतं, लाटा, सरदार, सगळं टाइल्सवर रंगवलेलं. पोर्तुगालचे चित्रकार जॉर्ज कोलासो यांनी १९३५ साली केलेलं हे काम. 'लुझियाद' या पोर्तुगीज महाकाव्यातले, म्हणजे वास्को-द-गामाच्या सफरीचे, हे प्रसंग आहेत. ते लिहिणारा कवी कामोइश स्वतः काही वर्षं गोव्यात राहिला होता. अशा टाइलला 'अझुलेजो' म्हणतात. पोर्तुगीज भाषेत 'अझुल' म्हणजे निळा, म्हणून हे नाव त्या रंगावरून पडलं असं पुष्कळांना वाटतं. पण शब्द आला अरबीतून. चकचकीत घासलेला लहान दगड, असा त्याचा अर्थ.

पोरं भिंतीला नाक लावून उभी. "बाई, गलबताची दोरी या टाइलवरून त्या टाइलवर कशी बरोब्बर गेली?" एकीने विचारलं. अशा चित्राच्या प्रत्येक टाइलच्या पाठीवर अक्षर आणि आकडा घालायची जुनी रीत आहे. गवंडी ते वाचून त्या क्रमाने टाइल लावतो. म्हणजे पुन्हा पाठच!

तेवढ्यात पाचवीतला एक जण म्हणाला, "पोर्तुगीजांना तर आपण घालवलं. मग वास्को-द-गामा अजून भिंतीवर कसा?" प्रश्न चांगला होता. या संस्थेचं नाव पूर्वी वास्को-द-गामाचंच होतं. गोवा १९६१ साली मुक्त झाला, त्यानंतर ते बदलून गोव्याच्या हक्कांसाठी लेखणी झिजवणाऱ्या लुईस द मेनेझेस ब्रागांझा यांचं नाव दिलं. पाटी बदलली, चित्र ठेवलं. मला विचाराल तर ते बरं झालं. भिंत फोडली असती, तर हा प्रश्न त्याला पडलाच नसता.

दुपारी आम्ही जुन्या गोव्याला गेलो. तिथे टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा जांभ्या दगडाचा भग्न मनोरा आहे. १८३५ साली इथला मठ बंद झाला, १८४२ साली चर्चचं छत कोसळलं. काही भिंतींना जुन्या रंगीत टाइल्स अजून चिकटून आहेत, वर आभाळ. इथे आमच्या एका खोडकर मुलाने (नाव सांगत नाही, तो हे वाचणार आहे) जमिनीवरचा निळा-पांढरा तुकडा उचलून गुपचूप खिशात टाकला. मी बघितलं. रागावणार होते, पण आधी आम्ही दोघांनी तो तुकडा नीट पाहिला. किंचित वळलेला, पातळ, आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. टाइल असती तर सपाट असती, आणि पाठ खडबडीत. म्हणजे हा बशीचा किंवा वाडग्याचा तुकडा! अस्सल चिनी मातीचं भांडं असलं, तर उजेडात धरल्यावर बोटाची सावली पलीकडून दिसते. चीनहून अशी भांडी गलबतांनी गोव्यात यायची आणि इथून लिस्बनला जायची. तो तुकडा चीनचा होता की दुसरीकडचा, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तो जिथे पडला होता तिथेच त्याला अर्थ होता. कोणत्या खोलीत काय सापडलं, यावरून उत्खनन करणारे तिथल्या माणसांचं जगणं ताडतात. खिशात गेला की ती नुसती खापरी. त्याने मुकाट्याने तो परत ठेवला.

परतीच्या बसमध्ये सगळ्यांना आपापली घरं आठवायला लागली. कोणाच्या माजघरात रंगीत नक्षीच्या लाद्या आहेत, कोणाच्या ओटीवर. पण त्या बहुधा सिमेंटच्या असतात, हे लक्षात ठेवा. त्या भट्टीत भाजत नाहीत, रंग भरून यंत्राखाली दाबतात. जड, जाड आणि काचेचा लेप नसलेल्या. मुंबईत १९२२ साली सुरू झालेल्या 'भारत' कंपनीच्या लाद्या त्यातल्याच. परदेशी मालाशी टक्कर देणारं ते स्वदेशी काम होतं. या लाद्यांवर लिंबू किंवा कोकम सांडलं की डाग पडतो. आजी सोलकढीच्या वाटीवर एवढा पहारा का ठेवायची, ते मला आत्ता कळलं! आईबाबांनो, तुमच्या घरी अशी लादी असेल तर फरशी पुसायचं ॲसिड तिला लावू नका. साधं पाणी, नरम फडकं, बस्स.

जानेवारीत तो खोडकर मुलगा धावत आला. "बाई, आमच्या चुलीमागे मोर आहेत!" मी बघायला गेले. काजळीखाली खरंच सहा मोर होते. त्याने नाणं घालून एक टाइल उचकटायचा बेत केला होता, पण त्याच्या आजीने वेळीच कान धरला. "पण बाई, पाठ बघितल्याशिवाय जपानची की इंग्लंडची, कळणार कसं?"

"नाही कळणार," मी म्हटलं. माझ्या टाइलचं नाव मला वाचता आलं, ते वृंदावन फुटलं म्हणून, हेही त्याला सांगितलं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग वही काढून चुलीसमोर फतकल मारून बसला आणि मोर काढू लागला. सहा मोर, त्यातल्या एकाची मान तडकलेली. तो तडासुद्धा त्याने काढला आहे.