उपदेश विसरण्याचं शिक्षण

कल्याण सोडून कर्जतकडे निघालेल्या लोकलच्या डब्यात दाराशेजारी एक कागद बऱ्याचदा चिकटवलेला दिसतो. ‘दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता.’ खाली मोबाइल नंबर. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या स्टेशनांवर उतरणाऱ्या किती बायांनी तो नंबर गुपचूप टिपून घेतला असेल, याची मोजदाद कोण ठेवणार? नंबर फिरवला की मिळते एक पुडी. चहात नाहीतर आमटीत मिसळा, एवढीच सूचना. आत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. त्यात डायसल्फिराम असू शकतं. डॅनिश संशोधकांनी १९४० च्या दशकात दारूच्या उपचारासाठी पुढे आणलेलं हे औषध. ते पोटात असताना वर दारू पडली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदयविकार असलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरही हे औषध देतात, पण रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं.

व्यसनमुक्ती समुपदेशकाचं प्रशिक्षण माझ्या मते या पुडीपासूनच सुरू करावं. केंद्रात नव्यानं रुजू झालेल्या मुलीला पहिला प्रश्न पडणार आहे तो मेंदूतल्या रसायनांचा नाही. समोर बसलेली बाई विचारणार आहे, ‘ताई, चहात टाकू का?’ तिला नुसतं ‘नको’ म्हणून चालत नाही. नाही टाकायची तर करायचं काय, हेही सांगावं लागतं.

त्यासाठी आधी कल्याण-बदलापूरचा हा पट्टा ओळखावा लागतो. तसा तो एकाच रुळावरचा, पण स्वभावानं वेगवेगळा. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. आजही पत्ता सांगताना माणसं कॅम्पचा आकडा सांगतात. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि एमआयडीसी. बदलापूर म्हणजे मुंबईत घर न परवडणाऱ्यांचं गाव. पहाटेची लोकल आणि रात्रीची लोकल यांच्यामध्ये जे उरतं ते घर. पिण्याच्या तऱ्हाही त्या-त्या जगण्यातून आलेल्या. शिफ्ट सुटल्यावर उभ्याउभ्या मारलेली देशी वेगळी, दुकानाचं शटर खाली ओढून आत ‘बसणं’ वेगळं. दुकानदाराला धास्ती पेढीच्या नावाची असते. तो गावातल्या ओपीडीत दिसायला नको म्हणून थेट पुणं गाठेल. कामगाराला धास्ती खाड्याची. पोरांच्या बाबतीत दारू मागे पडते आणि ‘बटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, एमडी ही नावं पुढे येतात. इथे काम करणाऱ्याला मराठी, हिंदी आणि कामापुरती सिंधी यायला हवी. नुसत्या पुस्तकी मराठीवर भागत नाही.

गरज किती आहे, याचा देशपातळीवरचा आकडा उपलब्ध आहे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या ‘एम्स’नं केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. दारू पिणारे सुमारे १६ कोटी, त्यांतल्या ५.७ कोटींना मदतीची गरज. आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसला ना कसला उपचार मिळालेला. दाखल होऊन उपचार घेतलेला १८० मागे एक. ही दरी खाटा वाढवून भरणार नाही. खाटेशेजारी बसून बोलणारं माणूस कुठून आणायचं, हा खरा प्रश्न.

महाराष्ट्रानं या प्रश्नाला एक उत्तर फार पूर्वी दिलं आहे. अनिल अवचटांच्या ‘गर्द’ या लेखनानं पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू झालं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी ते उभं केलं. त्यांनी केलेली मोठी गोष्ट म्हणजे बऱ्या झालेल्या रुग्णमित्रांच्या हाती केंद्राचं काम सोपवलं. काल वॉर्डात विड्रॉवलनं, म्हणजे नशा अचानक तुटल्यानं, कापणारा माणूस उद्या नव्या रुग्णाला धीर देऊ लागला. पुढे केंद्र सरकारनं मुक्तांगणवर प्रादेशिक प्रशिक्षण केंद्राची जबाबदारीही टाकली. मुंबईत फादर जो परेरांची कृपा फाउंडेशन १९८१ पासून आहे, चेन्नईत शांती रंगनाथन यांची संस्था १९८० पासून. तिन्ही ठिकाणी शिकून बाहेर पडलेले लोक आज दूरदूरच्या केंद्रांत आहेत.

मात्र इथे एक गैरसमज रुजला आहे. ‘मी स्वतः पीत होतो, मला सगळं कळतं.’ नाही कळत. स्वतःची दारू कळते. स्वतःची दारू सुटली त्या वाटेनंच समोरच्याची सुटावी, असा हट्ट धरणारा जुना पिणारा हा कोऱ्या पदवीधरापेक्षा जास्त नुकसान करू शकतो. पदवीधराचा दोष उलटा: त्याला व्याख्या पाठ असतात, क्वार्टर म्हणजे किती ते माहीत नसतं.

म्हणून पहिला धडा क्वार्टरच्या गणिताचा. जागतिक आरोग्य संघटना ‘एक ड्रिंक’ म्हणते तेव्हा साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरते. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम. सहा ड्रिंक! स्ट्राँग बीअरच्या मोठ्या बाटलीत चार. ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी जगभर वापरतात; आठ किंवा जास्त गुण आले की सावध व्हायचं. ‘मी रोज एकच घेतो’ म्हणणाऱ्याचं ‘एकच’ हे सहा असतं हे ज्याला उमगलेलं नाही, त्यानं भरलेला ऑडिटचा फॉर्म कचऱ्यात टाकावा.

दुसरा धडा विड्रॉवलचा, आणि तो सरकारी रुग्णालयाच्या कोणत्याही हाडांच्या वॉर्डात बघायला मिळतो. कारखान्यात हाताला मार लागलेला माणूस शनिवारी दाखल होतो. पितो का, हे कुणी विचारत नाही; नातेवाईक लाजून सांगत नाहीत. सोमवारी रात्री तो चादरीवरचे किडे झटकू लागतो, उठून पळू बघतो, बायकोला ओळखत नाही. शेजारच्या खाटेवरचा म्हणतो, बाहेरचं काहीतरी आहे. बाहेरचं काही नसतं, आतली दारू बंद झालेली असते. शेवटच्या घोटानंतर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत हा भ्रम येतो आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. म्हणून ‘आजपासून एकदम बंद’ अशी शपथ घालणं रोज पिणाऱ्याच्या बाबतीत धोक्याचं. ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे ‘बी १’ द्यायला हवं, हे ठरवणं डॉक्टरांचं काम. पण ‘हा पिणारा आहे’ हे वेळेत त्यांच्या कानावर घालणं समुपदेशकाचं.

आणि तिसरा धडा सगळ्यात अवघड, बोलण्याचा. अमेरिकेचे विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली आणि स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवलेली एक पद्धत आता सगळीकडे शिकवली जाते. वर्गात दोघं समोरासमोर बसतात, एक पिणारा होतो. नवा शिकाऊ हमखास सुरुवात करतो, ‘काका, मुलांकडे बघा जरा.’ काका मान डोलावतात; मुलांचं नाव त्यांनी हजारदा ऐकलेलं आहे. मग त्याला दुसऱ्या टोकानं सुरुवात करायला लावतात.

‘काका, घेतल्यावर बरं काय वाटतं?’

‘दिवसभर भट्टीसमोर उभा असतो. अंग ठणकतं. क्वार्टर मारली की झोप लागते.’

‘आणि सकाळी?’

‘सकाळी हात थरथरतात. दाढी करायला आता न्हाव्याकडे जातो.’

हे वाक्य काकांनी स्वतःहून उच्चारलं. शिकाऊनं आता गप्प बसायचं असतं, आणि तेच जमत नाही. मराठी माणसाला गप्प बसून ऐकणं शिकवायला औषधांची नावं शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो!

हे शिकायला मोठी पदवी लागते का? गोव्याचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथल्या ‘संगत’ संस्थेनं मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या लोकांना तयार करून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. अपायकारक पिणाऱ्या ३७७ पुरुषांवरचा हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. फार तर चार बैठका. तीन महिन्यांनी या गटातले ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटातले २६ टक्के. आकडे चमत्काराचे नाहीत, म्हणूनच विश्वासाचे आहेत. अर्थात त्या लोकांच्या कामावर सतत देखरेख होती. दोन दिवसांच्या शिबिरात प्रमाणपत्र वाटणाऱ्यांनी गोव्याचा दाखला देऊ नये.

कायदाही शिकावा लागतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मनोविकारांनाही लागू आहे. केंद्राची नोंदणी हवी, आणि रुग्णाच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर कायद्यानं घातलेल्या अटी पाळायला हव्यात. घरच्यांनी फोन केला, गाडी आली, चौघांनी झोपेतून उचललं, हा प्रकार राज्यात चालतो. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्या गाडीत बसायला सांगितलं, तर नकार देऊन बाहेर पडावं.

पगाराबद्दल लपवण्यासारखं काही नाही. अनुदानित केंद्रांत तो तुटपुंजा असतो आणि अनुदान रखडलं की तोही लांबतो. एमएसडब्ल्यू किंवा मानसशास्त्राची पदवी असलेल्यांना पुढे रुग्णालयं आणि कारखान्यांच्या कामगार कल्याण विभागांत वाट मिळते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या ‘राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्थे’चे अभ्यासक्रम आहेत, प्रवेशाच्या वेळा त्यांच्याकडेच विचाराव्यात.

ज्यांना हे काम करून बघावंसं वाटतं, त्यांनी पैसे भरून कोर्स घेण्याआधी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या एखाद्या खुल्या सभेत मागे बसून यावं. तिथे न पिणाऱ्यालाही येऊ देतात आणि फी नसते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या महाविद्यालयांनी मानसशास्त्राच्या मुलांना वर्षातून काही दिवस तरी सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात पाठवावं. आणि लोकलमधला तो कागद ज्यांच्या रोज डोळ्यांसमोर येतो, त्यांनी पुडीच्या नंबराऐवजी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर टिपून घ्यावा. कॉल मोफत आहे.