डोहात उडी घेणारी कन्या

दादासाहेब फाळके यांचे नाव निघाले की, सर्वांना १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. त्यांनीच १९१९ साली काढलेल्या 'कालिया मर्दन' या मूकपटाची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो. मला हा अन्याय वाटतो.

गेल्या श्रावणात वणीला माझ्या भाच्यांना मी हा मूकपट मोबाइलवर दाखविला. कालिया दिसताच ती मुले खो खो हसू लागली. "मामा, हा तर खोटा नाग!" धाकटा म्हणाला. संगणकाने घडविलेले अक्राळविक्राळ राक्षस पाहण्याची सवय लागलेल्या डोळ्यांना तसे वाटणारच. त्या नागाची आज कोणालाही भीती वाटणार नाही, हे मीही मान्य करतो.

परंतु चित्रपटाचे मोल नागावरून का ठरवावे? त्यातील नायक पाहा. कृष्ण झाली आहे फाळक्यांची सुमारे सात वर्षांची कन्या मंदाकिनी. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिकासुद्धा साळुंके या पुरुषाला करावी लागली होती. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी एका मुलीने प्रत्यक्ष कृष्ण साकारला! आरंभी ती आपल्या नेहमीच्या रूपात समोर येते, मुद्रेवर नाना भाव आणून दाखविते आणि पाहता पाहता तिचाच कृष्ण होतो. आपला देव कोठून आला, हे फाळक्यांनी मुळीच लपविले नाही.

हा कृष्ण मोठा खोडकर आहे. सवंगड्याच्या अपमानाचा वचपा तो लोणी चोरून काढतो. रात्री घरात शिरून झोपलेल्या यजमानाची दाढी त्याच्या पत्नीच्या केसांना बांधून ठेवतो! देव्हाऱ्यातील मूर्तीपेक्षा तो आपल्या आळीतील पोरच अधिक वाटतो. म्हणूनच तो यमुनेत उडी घेतो, तेव्हा आपल्या काळजात धस्स होते. फाळके कधी पाण्यातील झुंज दाखवितात, तर कधी काठावरील लोकांची तगमग. वर्धा-पैनगंगेच्या काठी राहणाऱ्यांना डोहाचे भय निराळे सांगावे लागत नाही.

येथे माझ्या भाच्यांचे हसू मावळले. धाकट्याने हळूच विचारले, "मामा, ती बुडणार तर नाही ना?"

तो 'कृष्ण' म्हणाला नाही, 'ती' म्हणाला. ज्याच्यासाठी आपला जीव असा कासावीस होतो, तोच खरा नायक. राक्षस कितीही भयंकर असला, तरी तेवढ्याने असा नायक घडत नाही. सुदैवाने या मूकपटाचा बराच भाग आजही शिल्लक आहे. मुलांनो, तो अवश्य पाहा. नागाला हवे तर हसा. पण काठावरच्या माणसांची तोंडे पाहावयास विसरू नका.